तीन वेळा मुलतवी

शके १७८६, कार्तिक शुद्ध पंचमी. सकाळ.

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. लिहिणं मले नातवानं शिकवलं, परातीत पीठ पसरून, बोटानं. ज्ञ पर्यंत आली. जोडाक्षर आलं की हात अडते, पण ते मोठमोठ्यांचंही अडत असन, ते सांगत नसतील.

कारण असं की आमच्या सूर्यभानले अमरावतीच्या विद्यार्थी गुणप्रकाश मंडळीत घेतलं. मंडळी म्हणजे भजनाची नाही. माणिकबाईले तसंच वाटलं. शेजारीण आहे, पण कान कधी शेजारी नसतात तिचे. ती म्हणे, टाळ घेतले का मग नातवाले. म्या सांगितलं, ही हुशार पोरांची मंडळी. साऱ्या वऱ्हाडातून निवडून निवडून घेतात. अकोल्याच्या शाळेतून एकच मेंबर घेतला, तो आमचा.

केशवराव मास्तर सांगून गेले. माघात परीक्षा. पहिला येईन त्याले चांदीचं पदक, जरीचा शेला आणि वजिफा. वजिफा म्हणजे मुंबईत चार वर्षं शिकणं, राहणं, जेवणं, सारं मंडळीकडून. मंडळीमागे हुकमीचंद शेट कापूसवाले आहेत. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, तवापासून विलायतवाले आपल्या कापसाच्या पाया पडून राहिले. शेटकडे लक्ष्मी एवढी आली की बसाले जागा उरली नाही, म्हणून ते आता सरस्वतीले बोलावून राहिले.

ठरवलं की रोज लिहीन. नातवाची बढाई मारणार नाही, दृष्ट लागते. आणि वजिफा हाती येईपर्यंत तंबाखूची मिश्री बंद. दातांले कडुनिंबाची काडी.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

बढाई मारली नाही. फक्त सांगितलं. विहिरीवर, महादेवाच्या ओट्यावर आणि पलीकडे जहाँआराच्या घरी. सांगणं वेगळं, बढाई वेगळी.

मिश्री नाही. डोकं चढलं आहे, पण ते उन्हानं.

कार्तिक वद्य द्वादशी.

मधात लिहाले झालं नाही. वेचणी सुरू आहे. कापूस घरात, ओसरीत, न्हाणीच्या दाराशी. पाय टाकाले जागा नाही तिथं लिहाले कुठून राहीन.

जानराव आज जेवताना बोलला. माझा लेक आहे, पण बोलते असा जसा पाटावर दगड ठेवून राहिला. म्हणे, माय, शिकून काय करन तो. माणिकबाईचा सहदेव त्याच्याच वयाचा, शेटच्या अड्ड्यावर कापसाच्या गठाणी मोजते, चांदीच्या गुंड्यांचा कोट घालते. आन आपला पोरगा नद्यांची नावं पाठ करते. त्या नद्यांचं पाणी आपल्या वावरात येते काय.

मी म्हटलं, तुले बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधता येतात, पोराच्या गळ्यात पदक नाही बघवत काय.

त्यानं पाण्याचा तांब्या रिकामा केला. शेवटी म्हणे, ठीक आहे. वजिफा आला तर जाऊ दे मुंबईले. नाही आला तर पुस्तकं बांधून ठेवायची आन बैलबंडीवर बसायचं. मग रडायचं नाही, तुनंही नाही आन त्यानंही नाही.

मी हो म्हटलं. हो म्हणाले काय जाते. येणारच आहे.

सूर्यभान ऐकत होता. पोरगा भाकरीचा तुकडा हातातच धरून बसला. मी म्हटलं, खा रे. त्यानं खाल्ला, पण कालवण न लावता.

पौष शुद्ध सप्तमी.

मुंबईले थंडी असते का नसते, कोणी नीट सांगत नाही. म्हणून रजई करून घेतली. पहिल्या वेचणीचा, दुधासारखा कापूस काढला. जहाँआराचा नवरा अब्दुल सत्तार पिंजारी आहे. ओसरीत त्यानं कापूस पिंजायची धनुकली टांगली आणि दिवसभर तुंग तुंग, तुंग तुंग. घरात असा कापूस उडला की वच्छलाच्या, माझ्या सुनेच्या, भुवया पांढऱ्या झाल्या. ती म्हणे, आत्याबाई, मी तुमच्याआधी म्हातारी झाली.

जानराव वावरातून आला आणि उभाच राहिला. म्हणे, माय, साहेब लोक ह्या कापसासाठी समुद्र ओलांडून येऊन राहिले आन तू तो पांघरुणात भरून राहिली. मी म्हटलं, हाही समुद्राकडेच चालला आहे. अब्दुल सत्तार हसला. जानराव नाही हसला.

रजईवर वच्छलानं लाल दोऱ्यानं मोर काढला. सूर्यभान म्हणे, आजी, परीक्षा तर होऊ दे. फार भित्रा आहे. आजोबावर गेला.

माघ वद्य तृतीया.

परीक्षा देऊन आला. जाताना शेटच्या बंडीत गठाणींवर बसून गेला, येताना रिकाम्या बंडीत आला, केसात कापूस.

मी विचारलं काय काय विचारलं. म्हणे, नकाशावर अमेरिका दाखवा. मी म्हटलं, त्यात काय, आपल्या वावरातून निघायचं आणि भाव जिकडे चढते तिकडे सरळ जायचं. तो हसला. मग म्हणे, आजी, मले सारं आलं. सारंच्या सारं. असं हळूच म्हणे, जसं काही चोरून आणलं.

मी कोणाले सांगितलं नाही. विहिरीवर चार जणी होत्या, त्यांनीच विचारलं.

फाल्गुन शुद्ध दशमी.

पहिला. साऱ्या वऱ्हाडातून पहिला आला. मास्तर स्वतः पळत आले, पागोटं हातात, मोर्णा नदीच्या वाळूतून तसेच. मी त्यांले गुळपाणी दिलं, मग परत दिलं, मग तिसऱ्यांदा दिलं. ते म्हणे, बस माय, मी काही घोडा नाही.

चैत्रात समारंभ. साहेबाच्या हातून पदक. मग मुंबई.

जानराव संध्याकाळी पोराच्या खांद्यावर हात ठेवून गोठ्यापर्यंत गेला आणि तसाच परत आला. गोठ्यात काही काम नव्हतं.

कापूस विकायचा का, असं वच्छला विचारत होती. भाव बरा आहे, देऊन टाकू म्हणे. जानराव म्हणे, आणखी चढन. मीही म्हटलं, थांब. आपल्या घराचे दिवस चढते आहेत, कापसानंच काहून मागे राहावं. सून चुलीकडे गेली. तिले व्यवहार कमी कळते.

शके १७८७, चैत्र वद्य पंचमी.

आनंदानं ओळी वाकड्या होऊन राहिल्या. नीट लिहिते.

सूर्यभान आणि मास्तर अमरावतीहून आले. मी आत चुलीपाशी होती, दाराआडून ऐकलं. जानरावनं विचारलं, काय झालं. मास्तर म्हणे, शेट आले नाहीत, साहेब आले नाहीत, कारकुनानं उभं राहून वाचलं. पदक मुलतवी. शेला मुलतवी. वजिफा मुलतवी.

तीन वेळा. माझ्या कानांनी ऐकलं. पोरगा तीन वेळा मुलतवी झाला.

मौलवी मले माहीत आहे, जहाँआराची पोरं त्याच्याकडे शिकतात, मोठा विद्वान माणूस. पण मौलवी होतात पुष्कळ. मुलतवी आजवर ऐकला नव्हता. मौलवीच्या वरचा असन. म्हणूनच साहेब आले नसतील, बरोबरीच्या माणसासमोर उभं राहाले लाज वाटते त्यांले.

बाहेर येऊन मी पोराची अलाबला घेतली. म्हटलं, माझा मुलतवी.  मास्तर उठले, म्हणे, येतो. गुळपाणीही घेतलं नाही. जानराव म्हणे, माय, ते तसं नाही. मी म्हटलं, आता तरी पोराले बरं म्हण. सूर्यभाननं बापाकडे पाहिलं आणि म्हणे, राहू द्या बाबा.

केवढा नम्र आहे. वच्छला तर पदर तोंडात धरून रडली. आईचं मन, आनंद मावत नाही.

चैत्र वद्य षष्ठी.

गूळ वाटला. माणिकबाई म्हणे, मुलतवी म्हणजे काय व. मी म्हटलं, सहदेवले विचार, अड्ड्यावर कोणी मुलतवी असन तर. ती गूळ खात खात गेली. दात नसले तरी गूळ सोडत नाही.

जहाँआराले सांगितलं तर तिचा हात भांड्यातच थांबला. मी म्हटलं, तुमच्याकडचा शब्द आहे, तुले माहीत असन. तिनं हात पुसले. मग म्हणे, बहुत बडा लफ्ज है, मौशी. संभालके रखो, सबको मत सुनाओ.

शहाणी बाई आहे. दृष्टीचं तिलेही कळते.

वैशाख शुद्ध एकादशी.

मुंबईहून बोलावणं अजून नाही. मोठ्या कामाले वेळ लागते. रजई घडी करून वळणीवर ठेवली आहे. मिश्री नाही. हिरड्या दुखतात, पण देव पाहून राहिला.

सूर्यभान सकाळी उठून बैलांले वैरण टाकते. मी म्हटलं, मुलतवीनं हे काम करू नये. तो म्हणे, आजी, मुलतवीच करतात. विद्येनं माणूस असा गोड बोलाले लागते.

जानराव रोज विचारत नाही, वजिफा आला का. आधी विचारायचा. आता नुसता दाराकडे पाहते.

वैशाख वद्य अष्टमी.

अमेरिकेतली लढाई थांबली म्हणे. बरं झालं बिचाऱ्यांचं, कोणाकोणाची लेकरं असतील. मी देवापुढे साखर ठेवली आणि चार घरी वाटली. जानरावनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली. म्हणे, माय, ही साखर बाहेर नेऊ नको, लोक मारतील आपल्याले.

माणसं थांबली मरायची तर ह्याले राग. कापसानं माणूस असा होते.

घरात आता कापूसच कापूस. झोपाले जागा नाही म्हणून सारे कापसावरच झोपतो. मऊ लागते. झोप कोणालेच येत नाही.

ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी. दुपार.

काय सांगू. बाजारात दवंडी पिटली. मी स्वतः ऐकली, भाजी घेता घेता. हुकमीचंद शेटच्या अड्ड्यावर कापसाची खरेदी मुलतवी.

म्हणजे कापूसही मुलतवी झाला. म्हटलं, आला आपल्या घराले दिवस, नातू आणि कापूस एकाच पदावर. भाजी तिथंच टाकली आणि घराकडे पळाली. ह्या वयात पळाली. दारातूनच सांगितलं, जानराव, आपला कापूस मुलतवी झाला रे, दवंडी फिरून राहिली.

जानराव ओसरीत खाली बसला.  वच्छला चुलीपाशी होती, तिथून हलली नाही. मी हसत उभी. मग मीच हसणं बंद केलं, कारण कोणी दुसरं हसत नव्हतं.

त्याच दिवशी. मागून.

सूर्यभाननं परात आणली. पीठ पसरलं. त्यात बोटानं लिहिलं, मुलतवी. जोडाक्षर एकही नाही, म्या वाचलं. मग त्यानं तळहात आडवा ठेवला आणि सारं पीठ हळूच परातीच्या काठाकडे सारलं. अक्षरं गेली. म्हणे, आजी, मुलतवी म्हणजे हे. पुढं ढकललं.

मी म्हटलं, कुठवर.

तो म्हणे, ते नाही सांगत.

मी म्हटलं, मग पहिला आला ते तरी खरं का. तो म्हणे, ते खरं आहे. मी विचारलं, मग म्या गूळ वाटला तवा काहून नाही सांगितलं. तो म्हणे, तू खूश होती. कोणीतरी होतं घरात.

पीठ परत डब्यात भरलं. आता पीठ सांडाले नाही पुरत.

ज्येष्ठ वद्य नवमी.

विहिरीवर गेली नाही. गुडघा दुखते.

माणिकबाई स्वतः आली. मले वाटलं आता ऐकवीन. तर म्हणे, सहदेवले अड्ड्यावरून काढलं, कोट विकाले नेला तर गुंड्या कथलाच्या निघाल्या. ती बसली, मी बसली. मुलतवी म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही. तिलेही आता माहीत झालं असन. साऱ्या अकोल्याले झालं.

अब्दुल सत्तारले मात्र काम फार आहे. ज्याच्या त्याच्या घरी रजया. सारी गल्ली तुंग तुंग करून राहिली.

आषाढ शुद्ध द्वितीया.

सूर्यभान बंडीवर बसला. तिवशाकडे गेला, ज्वारी आणाले. साऱ्यांनी गेल्या साली कापूसच पेरला, खायचं धान्य पेराचं राहिलं. बैलांच्या गळ्यात घुंगरू नाहीत, विकले, म्हणून बंडी निघाली ते कळलंच नाही. मी बाहेर आली तवा ती पार मोर्णेत उतरली होती.

पुस्तकं त्यानंच बांधली. माळ्यावर ठेवली. रजई बंडीत अंथरून नेली, मोर खाली करून, मळू नये म्हणून.

बोलल्याप्रमाणे मी रडली नाही. जानराव गोठ्यात होता. गोठ्यात बैल नव्हते, ते बंडीले गेले होते.

चुलीपाशी माझी मिश्रीची जुनी डबी होती. कार्तिकात म्या माळ्यावर टाकली होती, वच्छलानं कधी काढली माहीत नाही. पुसून ठेवली होती.

मिश्री लावली.