सात मिनिटं पुढे

३ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

फोनवर तू मध्येच हसतेस, म्हणून लिहितो. मुलांच्या मासिकातल्या तुझ्या गोष्टीचे तिन्ही भाग दुकानात बसून वाचले. डोळ्याला घड्याळं दुरुस्त करायचं भिंग तसंच होतं, त्यामुळे एकही शब्द सुटला नाही. काय तो तुझा मनगट्या! मनगटावर घड्याळ बांधून शाळेच्या फाटकात उभा राहतो, 'उशीर, उशीर' म्हणत पोरांचे कान धरतो, एका गरीब मुलीला रोज रडवतो. असलं कार्टं जन्माला येतं तरी कुठे? माझी सूचना अशी, की त्याला एक दारुडा बाप दे. ते जमत नसेल तर निदान सावत्र आई दे. चांगल्या घरातलं पोर असं वागत नाही, वाचकांना पटायचं नाही.

आता माझी कटकट ऐक. तुझ्या भाचीनं आपलं लग्न आपणच ठरवलं आहे. मुलगा बरा आहे, बोलताना सारखा चष्म्याला हात लावतो. पण घर पुलापलीकडचं! आई लॉण्ड्री चालवते. मोठी आहे म्हणे, यंत्रंबिंत्रं आहेत. बाबा असते तर काय म्हणाले असते, ते तुला सांगायला नको. मायलेक सोळा तारखेला, रविवारी, दहा वाजता आमच्याकडे येणार आहेत. म्हणजे येतील अकराला. उशिरा आले, की वेळ न पाळणाऱ्या घरात मी मुलगी देत नाही, असं तोंडावर सांगणार आहे. लेक म्हणते, पुलाबद्दल एक शब्द जरी निघाला तर त्याच पावली त्यांच्याबरोबर निघून जाईन आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. ती करून दाखवेल. हट्ट आपल्याच घरचा आहे.

आईला नमस्कार सांग. लोभ भरपूर असू दे, हसणं कमी असू दे.

तुझा,
दादा

६ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई खुशाल आहे. तुझं पत्र तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मनगट्याला दारुडा बाप देता येत नाही रे. मी खूप प्रयत्न केला. त्याच्या घरी सगळं चांगलं आहे, हीच तर पंचाईत. बाप घड्याळजी, निर्व्यसनी, पोरावर जीव टाकणारा. फक्त रोज जेवताना तो सांगतो, की जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात, एक वेळ पाळणारी आणि दुसरी पुलापलीकडची. ताटात मीठ वाढावं तसं हे रोज चिमूटभर. शाळेची घंटा घरच्या घड्याळाच्या सात मिनिटं मागे वाजते, तर तो म्हणतो, वाजणारच, शिपाई पुलापलीकडचा आहे. मग वाढदिवसाला तो पोराला मनगटी घड्याळ देतो. हेडमास्तरांचं घड्याळही त्याच दुकानातलं, त्यामुळे फाटकात पोराचाच शब्द शेवटचा. दादा, अजून ओळख पटत नाही का?

लॉण्ड्रीत कपडे धुणाऱ्या बाईंची मुलगी आठवते? तू तिला 'उशिराबाई' म्हणायचास आणि मग सगळी शाळा म्हणायची. बक्षीस समारंभाच्या दिवशी तू तिच्या तोंडावर फाटक लावलंस. हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस तिचं होतं. आत नाव पुकारलं तेव्हा ती गजांना धरून बाहेर उभी होती, मी पाहिलं आहे. मग ते पेन दुसऱ्या नंबराला दिलं. दुसरा नंबर कोणाचा होता, हे तू मला ज्या पेननं पत्रं लिहितोस त्यालाच विचार.

आता खुर्चीत नीट बस. मी भाचीला फोन करून सगळी चौकशी केली. तुझी होणारी विहीणबाई तीच आहे.

लोभ आहेच, वाढवायला अजून बरीच जागा आहे.

तुझी,
छोटी

९ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रापायी चहा गार झाला आणि एका गिऱ्हाइकाचा मिनिटकाटा वाकला.

मी मनगट्या? मी वर्गप्रमुख होतो! कान मी एकूण दोघांचेच धरले, त्यातला एक आपला मामेभाऊ होता. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती, ते मात्र तुझ्या गोष्टीत कुठेच आलं नाही. बाबांनी त्या दिवशी दुकान अर्धा तास आधी बंद करून मला फिरायला नेलं होतं.

एक गोष्ट लक्षात घे. ती मुलगी उशिरा यायची. रोज. मी राग म्हणून नाव लिहीत नव्हतो, घड्याळ बघून लिहीत होतो. घड्याळाला पुलाची अलीकडची बाजू कोणती नि पलीकडची कोणती, हे ठाऊक नसतं. एवढा एकच आधार धरून मी रविवारी ताठ बसणार आहे. तिनं मला ओळखलं तर काय, हा विचार मनात येतो, पण डोक्यावर केस उरले नाहीत, त्याचा काही उपयोग होईल असं वाटतं.

पेनची निब कालपासून अडखळते आहे. शाई खराब आली असेल.

लोभ कर, पण तपास करू नकोस.

तुझा,
दादा

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. 'घड्याळ बघून लिहीत होतो' इथं आले, तशी ती फिसकन हसली. मग हसायची थांबली, सोलायचीही थांबली.

ऐक. बाबा रोज सकाळी निघायला उशीर करायचे. घड्याळजीचंच दुकान उशिरा उघडतं म्हणून लोक हसायला लागले. तेव्हा आईनं लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात, बाबा आंघोळीला गेलेले बघून, स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. त्यावरून बाबा खिशातलं लावायचे, खिशातल्यावरून दुकानातली सगळी. तुझं त्यातलंच, हेडमास्तरांचं त्यातलंच. पुलाच्या आपल्या बाजूला सगळे बरीच वर्षं सात मिनिटं आधी जगले. पलीकडे घड्याळ घ्यायची ऐपत कोणाची? ते लॉण्ड्रीच्या भोंग्यावर चालायचे, आणि भोंगा बरोबर होता. शिपाईही बरोबर होता.

दादा, ती मुलगी वेळेवर यायची. रोज.

आईला मी विचारलं, की कधी बोलली का नाहीस. म्हणाली, सांगायचं राहून गेलं, हे इतके खुशीत असायचे. मग तिनं मटाराची परात बाजूला सारली आणि त्या पोरीच्या आईनं कधी तक्रार केली होती का, असं मला तीनदा विचारलं.

रविवारी सांभाळून. लोभ जागच्या जागी आहे.

तुझी,
छोटी

१७ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस, प्रकृती ठीक आहे. हे बॉलपेन आहे.

तुझं पत्र वाचलं आणि आठवलं. दुकान हातात घेतलं तेव्हा झाडून सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे होती. मी ती एकेक करून मागे केली आणि बाबांचा हात आता थकला, असं मानून चाललो. दुसऱ्यांच्या घड्याळातला बिघाड शोधण्यात जन्म गेला आणि हे मला सुचलं नाही.

काल सव्वानऊला खिडकीत उभा होतो. समोरच्या फूटपाथवर एक बाई पर्स धरून ताठ उभी, शेजारी कोणी जांभया देतंय. मला वाटलं, बससाठी असतील. साडेनऊलाही तिथंच. जांभया देणाऱ्यानं चष्म्याला हात लावला, तेव्हा ओळखलं. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, त्याच्या आईचं असंच असतं. कुठेही पाऊण तास आधी जाऊन दाराबाहेर थांबते. दवाखान्यात, बँकेत, स्वतःच्या लग्नातसुद्धा. लहानपणची सवय आहे म्हणे.

छोटे, घरातल्या चपलांवर तसाच खाली गेलो. दोन दिवस घोकलेलं माफीचं भाषण फूटपाथवर एकही ओळ आठवेना. मीच तो, घड्याळ पुढे होतं, तुम्ही वेळेवर होतात, एवढंच कसंबसं बोललो आणि पेन पुढे केलं. त्या म्हणाल्या, की माझा पहिला फोटो पाहिला तेव्हाच त्यांनी मला ओळखलं होतं. केस गेले, पण घड्याळ दिसावं म्हणून हात वाकडा धरायची लकब तशीच आहे म्हणे. मग त्यांनी टोपण काढून तळहातावर आपलं नाव लिहिलं. काय अक्षर आहे! मोत्यासारखं. पेन पर्समध्ये टाकून त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, की आम्ही वर जातो, आपण सात मिनिटांनी यावं. मागोमाग खाली आलेल्या तुझ्या भाचीनं माझ्या हातावरचं घड्याळ सोडवून त्यांच्या हातात दिलं. घरभेदी!

मी माझ्याच दाराबाहेर उभा राहिलो. वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, किल्ली विसरलात का. नाही म्हटलं, उशीर झाला. आत कपबश्या वाजत होत्या, सगळे हसत होते, आणि लेकीच्या तोंडून 'बाबा' एवढं ऐकू आलं. आपल्याबद्दल आत बोलणं चाललं आहे आणि आपल्याला जाता येत नाही. हातात घड्याळ नाही, किती उरलं ते कळत नाही. मी बासष्ट वर्षांचा आहे. ती तेव्हा दहाची होती.

दार विहीणबाईंनीच उघडलं. म्हणाल्या, पाचच झाली आहेत, दोन माफ. मी रडलो, लिहायला लाज वाटत नाही.

मनगट्याचा बाप चांगलाच राहू दे. आईला सांग, तक्रार कोणीच केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं.

लग्न पुढच्या महिन्यात, सकाळी दहाला. त्या सव्वानऊला येणार, म्हणून मी आठलाच जाऊन दार उघडून उभा राहणार आहे. लोभ आहे तेवढा ठेव, काटे मागेपुढे करू नकोस.

तुझा,
मनगट्या