फॉरवर्ड म्हणजे अलीकडे

सायखेडा

तीर्थरूप मामांस, संतोषचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामींनी तुमची साखर बंद केली ती चहातली की डब्यातली, तेही कळवा.

मामा, तुम्ही तीस वर्षं इंग्रजी शिकवून शाबूत डोक्याने निवृत्त झालात, याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात. (त्या भाषेत दिवा 'ऑफ' झाला की विझतो आणि गजर 'ऑफ' झाला की बोंबलतो. कोणी घडवली असेल ही भाषा!) आमच्या स्नेहलला बघायला नाशिक रोडचे लोक रविवारी येणार होते. स्थळ अगदी मनासारखं. मंगळवारी मुलाच्या आईंचा मोबाईलवर इंग्रजीत निरोप आला, कार्यक्रम तीन दिवस फॉरवर्ड केला आहे. फॉरवर्ड म्हणजे पुढे, एवढं मला येतं. मी अंगणात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि रविवारचं बुधवारवर गेलं म्हणून जाहीर केलं. घराला रंग द्यायला सवड मिळाली, मी खूश. आईने (तुमच्या कुसाताईने) कुरडयांचा बेत पक्का केला, गहू भिजलेलेच होते.

गुरुवारी सकाळी चुलीवर चीक रटरटतोय, स्नेहल डोक्याला टॉवेल गुंडाळून सोऱ्या दाबतेय, मी बनियनवर, आणि दारात गाडी! फॉरवर्ड म्हणजे म्हणे अलीकडे. स्थळ हातचं गेलं असंच मला वाटलं. पण कुरडयांच्या दिवशी आलेला माणूस हात लावल्याशिवाय जात नाही, हा आपल्या घरचा रिवाज, आणि आई कोणाला सोडते? ती मुलाच्या आईंना म्हणाली, "पदर खोचा अन् बसा इथं. चीक गार होऊन राह्यला." आणि मामा, त्या बसल्या! मुलाने, हर्षलने, बाह्या सारून घामाघूम होईतो सोऱ्या दाबला. पोह्यांची कोणी आठवणही काढली नाही. निघताना त्याच्या आई चिकाच्या हातांनीच होकार देऊन गेल्या. मी अजून थक्क आहे.

आपला,
संतोष

ता. क. स्नेहल ऑफिसात दिवसभर इंग्रजीच वाचते, हे काल माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं पप्पा. आपला पसारा बघून ती माणसं कशी वागतात, ते बघायचं होतं." मला पोरीचा अभिमान वाटतो आणि भीतीही.

ता. क. २. आता तिला त्यांचा पसारा बघायचाय, न कळवता. रविवारी तुमची गाडी लागेल. तुम्हीही याच, बेल वाजवायची माझी हिंमत नाही.