तीनदा दीप

१४ नोव्हेंबर १९३८, सोमवार

संपादकांचं पत्र! धुळ्याला खुर्चीत बसून माणसाला काय सुचेल याचा नेम नाही. ‘कपाशीचे भाव पुरेत. वाचक कंटाळले. आपल्या गावी लोकांना नाटकांतली व बोलपटांतली कोणती पदे विशेष आवडतात, ते लिहून पाठवा. रसाळ लिहा.’

रसाळ! सतरा वर्षं मी या साप्ताहिकाचा शहाद्याचा वार्ताहर. तापीचा पूर, पटकीची साथ, कलेक्टरसाहेबांची स्वारी— सगळं एकाच कोरड्या भाषेत लिहिलं, कुणी तक्रार केली नाही. आता रस कुठून आणू? शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याने बोलपटांतल्या पदांवर लिहायचं, तेही स्वतःच्या नावाने? छे. खाली ‘कलहंस’ अशी सही करीन. हंस म्हणवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

१६ नोव्हेंबर

चौकशीला सुरुवात. उदेसिंग पाटलांना विचारलं, आवडतं पद कोणतं? म्हणाले, “ज्याले वन्समोअर भेटस ते!” हे झालं रसग्रहण.

घरात विचारलं. ही म्हणाली, “मला नाटकाला नेलंत कधी? लग्नानंतर एकदा नेलंत, तर ते कीर्तन निघालं.” बावीस वर्षं झाली त्याला. अजून लक्षात आहे!

शेजारच्या कौसाबाईंना विचारलं. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. “मन्हं आवडतं गानं? धर्मचंद शेटना दुकानमा वाजस ते. दुसरं आम्हीन कोठे आयकतस, गुरजी?”

खरं आहे. पेठेत फोनो एक— धर्मचंद कापडवाल्यांचा. तबकड्या पाच. त्यातल्या चार त्यांच्या पत्नी दाखूबाईंना आवडत नाहीत. उरली ती सकाळी दुकान उघडताना एकदा आणि दिवेलागणीला एकदा लागते. कुठल्याशा संगीत नाटकातलं पद, ‘सांज उतरली, सखे, दीप ठेवू कुठे.’ शिंपी तेच गुणगुणतो, शाळेतली पोरं तेच, टपालवालाही तेच. एकवीस जणांना विचारलं, अठरांनी हेच सांगितलं. लोकमत अजमावायचं तर गावात दोन तरी तबकड्या हव्यात.

२० नोव्हेंबर, रविवार

लेख लिहून झाला. लिहिताना— इथे कबूल करतो— मजा आली.

पदात एक जागा आहे. ‘दीप ठेवू’ हे शब्द गाणारी बाई तीनदा म्हणते. ‘दीप ठेवू— दीप ठेवू— दीप ठेवू कुठे!’ तिन्ही वेळा तोच सूर, तेच वजन, जराही फरक नाही. मी रोज ओट्यावर बसून ऐकतो. दुकानात जाऊन बसायची माझी पद्धत नाही. बसलं की चहा घ्यावा लागतो आणि चहा घेतला की धोतरजोडी. पण लांबूनही ती जागा काळजाला भिडते. लिहिलं— ‘द्विरुक्ती शास्त्राला ठाऊक आहे, त्रिरुक्ती हे या कवीचे धाडस होय. पहिला दीप उंबरठ्याचा, दुसरा नेत्रांचा, तिसरा प्राणांचा. आणि गायिकेने तिन्ही वेळा सूर लेशमात्र न बदलता विरहिणीची गोठलेली अवस्था दाखवली आहे.’

निर्मलेने सुवाच्य अक्षरात उतरून काढला. म्हणाली, “नाना, तुम्हाला रसाळ येतं की!” पोरीने बापाची थट्टा करावी काय? करावी. माझीच शिकवण.

२३ नोव्हेंबर

नंदुरबारहून स्थळ आलं. वकील. बिजवर, तेहतीस वर्षांचे. पुण्यात शिकलेले, घरचं बरं. १८ डिसेंबरला मुलगी पाहायला येणार.

निर्मलेला एकोणिसावं सरेल. आतापर्यंत तीन वेळा पाहून झाली. पहिल्यांना उंच वाटली. दुसऱ्यांना शिकलेली वाटली— व्हर्नाक्युलर फायनल झाली, एवढाच तिचा गुन्हा. तिसऱ्यांनी पोहे दोनदा घेतले, ‘कळवतो’ म्हणाले, ते अजून कळवताहेत. ही म्हणते, चौथ्यांदा नकार आला की मग फक्त पन्नाशीचे येतील. मी ‘असं काही नसतं’ म्हणालो. असतं. मला माहीत आहे.

मुलगी पाहताना गाणं विचारतात. तिसऱ्यांपुढे तिने पसायदान म्हटलं, तर मुलाचे मामा हात जोडून उठूनच उभे राहिले— कार्यक्रम संपला असं समजून! यावेळी काही गोड, चालू काळातलं हवं.

२५ नोव्हेंबर

कोणतं पद म्हणावं यावर अख्ख्या गल्लीचं मत आहे. कुणी मागितलेलं नाही. दाखूबाईंचा निरोप— बोलपटातलं म्हणा, वकील लोकांना बोलपट आवडतात. दाखूबाईंनी वकील कुठे पाहिला? कौसाबाई म्हणतात, “अहिराणी ओवी म्हन व माय! आवाज मोकया निंघी.” ही म्हणते, देवाचंच बरं. उदेसिंग पाटील भर रस्त्यात थांबून म्हणाले, ज्याला वन्समोअर—

मी हात जोडले.

शेवटी ‘दीप ठेवू कुठे’च ठरलं. निर्मलेला ते येतंच, इथे कुणाला येत नाही? मी फक्त त्रिरुक्ती घोटून घेतली. तिन्ही वेळा सूर तोच! दुसऱ्यांदा ती जरा हेलकावा देत होती, तो काढून टाकला. कालपासून हेच चाललंय. “नाना, आता झोपेतसुद्धा तीनदाच म्हणेन.” म्हण!

२ डिसेंबर

लेख छापून आला. छापखान्याने ‘त्रिरुक्ती’चं ‘त्रिशक्ती’ केलं नाही, एवढ्यावर मी समाधानी. ‘कलहंस’ कोण हे गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला तसं कुणी सांगत नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

सारंगखेड्याच्या यात्रेहून आत्ताच आलो. डोकं अजून जाग्यावर नाही.

यंदा यात्रेत एक नाटक कंपनी उतरली आहे, आणि नाटक तेच, आपल्या पदाचं! उभी पेठ बैलगाड्या जुंपून गेली. हिला आणि निर्मलेला नेलं (कीर्तन नाही याची आधी खात्री करून घेतली). घोड्यांच्या बाजारापलीकडे कनात. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मध्ये दोर.

पद आलं. नायिकेचं काम करणारा नट बरा होता, आवाजही तयारीचा. ‘सांज उतरली, सखे, दीप ठेवू कुठे’— आणि सरळ पुढे गेला! एकदाच! त्रिरुक्ती नाही!

मग उदेसिंग पाटील उठून उभे. “ए! इसरी गया का? तीनदाव शे ते!” मागून कुणी, “पैसा दिन्हात आम्हीन! पुरं गानं म्हन!” नट बिचारा वन्समोअर समजून हसला, नमस्कार केला, पुन्हा म्हटलं— पुन्हा एकदाच. मग तर गदारोळ! बायकांच्या बाजूने कौसाबाईंचा आवाज, “तीनदाव, बाबा, तीनदाव!” पेटीवाल्याने हात वर केले. मालक हात जोडत रंगमंचावर आला. पिटातल्या एका शिंप्याने त्याला म्हणूनच दाखवलं. अखेर त्या नटाने डोळे मिटून ‘दीप ठेवू’ तीनदा म्हटलं, आणि अख्खी कनात त्याच्याबरोबर म्हणाली. नंतर त्या प्रवेशात दुसरं काही ऐकू आलं नाही.

मीही ओरडलो. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

खेळ सुटल्यावर कनातीमागे जाऊन पेटीवाल्याला ऐटीत म्हणालो, ही त्रिरुक्ती का गाळता हो? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विद्यार्थ्यांकडे पाहतो. “महाराज, तेवीस वर्षं हे पद वाजवतोय. एकदाच आहे.”

१० डिसेंबर

आयुष्यात प्रथमच धर्मचंद शेटजींच्या दुकानात जाऊन बसलो. चहा घेतला. “शेटजी, ती तबकडी लावा.”

लागली. ‘दीप ठेवू’— तबकडीत खर्र झालं. ‘दीप ठेवू’— पुन्हा खर्र. शेटजी गिऱ्हाइकाला मांजरपाट मोजून देत होते. गजावरचा डोळा न हलवता त्यांनी डावं बोट लांबवलं आणि तिसऱ्या ‘दीप ठेवू’ला सुई हळूच पुढे ढकलली. ‘—कुठे!’

“हे काय?”

“चरा पडी गया ना, गुरुजी! दोन वरीस झाले. मुनीमच्या हातून पडली. ढकललं नाही तर बाई दिवसभर तेच म्हणेल.”

“मग पहिल्यालाच का ढकलत नाही?”

“कपडा मोजताना हात लगेच पोचत नाही ना!”

म्हणजे उंबरठ्याचा दीप चऱ्याचा, नेत्रांचा दीप चऱ्याचा, आणि प्राणांचा दीप धर्मचंदांच्या बोटाचा. गोठलेली अवस्था! सूर लेशमात्र न बदलता! चौकट करून माझा लेख त्यांनी फोनोच्या वरच लावलाय. काढा म्हणालो. “कशाला? गिऱ्हाईक वाचते!” एक धोतरजोडी घ्यावी लागली.

११ डिसेंबर

निर्मलेला सांगितलं, एकदाच म्हणायचं. आधी हसली, मग माझं तोंड पाहून थांबली. सारा दिवस प्रयत्न करते आहे. पहिलं म्हटलं की दुसरं आपोआप येतंच. भिंतीपलीकडून कौसाबाई, “अर्धं का म्हनी ऱ्हायनी, पोरी? पुरं म्हन!”

दुसरं पद घ्यावं म्हटलं तर सात दिवसांत बसत नाही. ही म्हणते, “आधीच देवाचं म्हटलं असतं तर!”

१५ डिसेंबर

दहातून सहा वेळा बरोबर येतं. संस्कृतात इतके आले की मी पास करतो.

१८ डिसेंबर, रविवार

वकील, त्यांचे थोरले बंधू आणि मामा— दोंडाईच्याहून तापी ओलांडून सर्व्हिस मोटारीने आले. धुळीने तिघेही सारख्याच वयाचे दिसत होते. वकील देखणे, बोलायला चटपटीत. मला वाटलं, जमणार.

पोहे झाले. गाणं विचारलं. निर्मला बसली. ‘सांज उतरली, सखे, दीप ठेवू’— एकदा. मी श्वास सोडला. आणि ‘दीप ठेवू’. आणि ‘दीप ठेवू कुठे’. तिने डोळेच मिटून घेतले.

वकिलांनी बशी खाली ठेवली आणि खदखदून हसले. “अरे वा! म्हणजे तो कलहंस खरंच इथला! दादा, तो लेख आठवतो? नेत्रांचा दीप, प्राणांचा दीप! पुण्यात हे नाटक मी चारदा पाहिलंय हो, एकदाच आहे ते. इथे कुणाची तरी तबकडी अडकत असणार आणि या गाढवाने त्यावर पुराण रचलं. नंदुरबारला कोर्टात आम्ही तो लेख मोठ्याने वाचला, पट्टेवालेसुद्धा हसले! कोण हो गुरुजी हा गाढव? तुम्ही ओळखत असाल.”

मी हसलो. मोठ्याने हसलो. “असतात गावात एकेक,” म्हणालो. बंधू हसले, मामा हसले. मामांना काही कळलं नव्हतं, तरी हसले. मी आणखी थोडा हसलो.

ही दाराशी उभी होती, आत गेली.

“पुन्हा म्हणा बघू,” वकील निर्मलेला म्हणाले, “एकदाच.” तिने म्हटलं. एकदाच. इतकं स्वच्छ तिने कधीच म्हटलं नव्हतं. म्हणताना पाहत मात्र माझ्याकडे होती.

गेले ते. एकंदरीत बरं झालं. ही एकदाही म्हणाली नाही की देवाचं म्हटलं असतं तर. ‘गाढव’ हा शब्द अंगाला चिकटून बसलाय. ‘गर्दभ’ म्हणाले असते तर निदान तत्सम झालं असतं.

२१ डिसेंबर

धर्मचंदांना नवी तबकडी घ्या म्हटलं. “आता लोकांना हीच पाहिजे, गुरुजी.” ओट्यावर बसणं सोडलंय.

२५ डिसेंबर, रविवार

पत्र आलं! मुलगी पसंत! हुंडा नको, लग्न वैशाखात, फक्त दोन्ही अंगचा खर्च. वर वकिलांच्या हस्ताक्षरात— ‘कलहंसाला आमचा नमस्कार सांगावा!’ थट्टेखोर माणूस. चालायचंच. चौथ्यांदा नकार आला नाही, हे काय थोडं झालं?

हिने देवापुढे साखर ठेवली, पण वाटायला गल्लीत गेली नाही. उद्या जाईल.

२६ डिसेंबर

सकाळी निर्मला माझ्यापाशी आली. “नाना, मला हे स्थळ नको.”

का, म्हणालो. समोर बसली. मग म्हणाली, “ते हसले त्याचं काही नाही. तुम्ही हसलात.”

नंदुरबारला नकार लिहायला बसलो. दौत हिनेच पुढे सरकवली.