केबलवर हिरव्या साडीत

५ नोव्हेंबर
पोचले एकदाची आजीच्या सोलापुरात. मॉरिशसहून निघताना लेक देवयानी कुरकुरत होती. महिनाअखेर परत येते, असा शब्द दिलाय तिला. शिवम्मा नावाच्या बाईंच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं मिळालीय. त्यांची सून चंद्रिका घर सोडून गेली, मुलगा सोमेश तेव्हापासून गप्प. मला अव्वा म्हण, म्हणाल्या, कन्नडमध्ये आई. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर मी आडवा हात मारला. मग त्यांनी मला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला, ओटी भरली. मी विधवा आहे म्हटलं, तर म्हणाल्या, असू दे की, हितं कोण विचारतंय. सोमेशनं फोटो काढला. परक्या देशात एवढे लाड कोण करतं.

६ नोव्हेंबर
जेवताना इथं लोकल केबल लावतात. परदेशात गेलं की तिथलाच टीव्ही बघावा, या मताची मी. साड्यांचे सेल, भजन, वाढदिवस, श्रद्धांजल्या, सगळा काला. आणि मध्येच मी, हिरव्या साडीत: हार्दिक स्वागत, शुभेच्छुक समस्त गल्ली. हसून पोट दुखलं.

९ नोव्हेंबर
आज तोच फोटो, शेजारी सोमेशचा चिकटवलेला. सौ. चंद्रिका व सोमेश यांना लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझं डोकंच फिरलं. हा काय चावटपणा, विचारलं. सोमेश भाकरी मोडत राहिला. अव्वा म्हणाल्या, केबलवर आलंय म्हणजे खरंच हाय. माझा फोन सापडत नाही. पासपोर्टही.

१० नोव्हेंबर
बॅग टाकून एसटी स्टँड गाठला. तिथल्या टीव्हीवर मीच. हरवली आहे: चंद्रिका. डोक्यावर परिणाम. परदेशातून आले म्हणते, विश्वास ठेवू नये. मी घसा फोडून नाव सांगितलं, इंद्रायणी. लोक टीव्हीकडे बघायचे, मग माझ्याकडे. रिक्षावाल्यानं दंड धरला, लई प्रेमानं म्हणाला, वहिनी, घरला चला की.

१२ नोव्हेंबर
बाहेरून कडी. टीव्ही मात्र खोलीत आणून ठेवलाय — चंद्रिका सापडली, सर्वांचे आभार. शेजारणी पेढे घेऊन येतात. मी नाव सांगते — त्या टीव्हीकडे बोट दाखवतात. मला भीती वाटते. फार.

१४ नोव्हेंबर
माझा फोन सोमेशकडे. देवयानीला माझ्या नावानं उत्तरं तोच —

१५ नोव्हेंबर
आत्ता केबलवर — मॉरिशसहून येणाऱ्या आमच्या नातीचं हार्दिक स्वागत. फोटोत देवयानी हसतेय. खाली कासार आलाय. अव्वा जिन्यातून विचारतायत, पोरीच्या मनगटाचं माप काय — नाही सांगणार — देवू, विमानात बसू नको, इथं सगळे —