दहाव्या मजल्याचे जेवण

प्रति,
मा. सचिव,
गृहसंकुल व्यवस्थापन समिती,
समिती कार्यालय, तळमजला, मागची इमारत.

अर्जदार: सदनिका क्र. ९०४ मधील रहिवासी, निवृत्त मुख्य टंकलेखिका.

विषय: जेवण पोचविणाऱ्या गृहस्थांवरील प्रवेशबंदी तातडीने उठविणे, तसेच रहिवाशांचे जेवण त्यांच्या दारापर्यंत येऊ देणेबाबत.

संदर्भ: १) लिफ्टशेजारच्या फलकावरील आपली सूचना, 'चोरी करणाऱ्या डिलिव्हरी बॉयला प्रवेशबंदी'.
२) लिफ्टमध्ये खाद्यपदार्थ खाल्ल्याबद्दल मला आलेले आपले समजपत्र.
३) माझे तोंडी निवेदन, ज्यावर आपण 'लेखी द्या' असे म्हणालात.

महोदय,

आपण लेखी मागितले, म्हणून लेखी देत आहे. उजव्या मनगटाचे प्लॅस्टर नुकतेच निघाले असल्याने अक्षर वाकडे आले आहे, ते चालवून घ्यावे. मजकूर मात्र शेवटपर्यंत वाचावा.

मी एकटी राहते. मनगट मोडल्यापासून स्वयंपाक होत नसल्याने दुपारचे जेवण जवळच्या खानावळीतून मागवते. मला मधुमेह आहे. जेवणाआधी इन्शुलिनची सुई घ्यावी लागते, आणि एकदा ती घेतली की पोटात अन्न जाण्याला उशीर चालत नाही. त्यामुळे माझा शिरस्ता असा होता की फाटकावरून 'जेवण आलंय' असा फोन आला की मी सुई घ्यायची. तोवर खानावळीचा माणूस डबा घेऊन वर येत असे. घटनेच्या दिवशीही फोन आला आणि मी सुई घेतली. सुई जागेवर ठेवते तोच दुसरा फोन आला, "काकू, खाली येऊन घेऊन जा. आजपासून नियम बदललाय."

बदललेला नियम मला खाली गेल्यावर समजला. रहिवाशाने मोबाइलमधील ॲपवरून सांकेतिक क्रमांक पाठविला असेल तरच जेवण वर जाईल, तेही सामानाच्या लिफ्टने. अन्यथा ते फाटकाशेजारच्या टेबलावर ठेवले जाईल. माझा फोन बटणांचा आहे. तो फोन लावतो आणि घेतो, याहून जास्त त्याला काही येत नाही. मी टेबलाशी पोचले तेव्हा तेथे बरीच पाकिटे होती, माझा डबा नव्हता. पहारेकरी म्हणाले, "इथंच होता हो काकू. कुणीतरी चुकून उचलला असणार." त्यांच्या मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, ते तरी काय करणार. घरी साखर होती. घर गाठावे असे मी ठरविले.

रहिवाशांच्या, म्हणजे पुढच्या बाजूच्या लिफ्टमध्ये कोणाचे तरी कपाट अडकले होते. सामानाची लिफ्ट उघडी होती आणि आत एक गृहस्थ पाठीवर मोठी चौकोनी पिशवी घेऊन उभे होते. मला पाहून त्यांनी दार हाताने धरून ठेवले. "या मावशी, जागा आहे." ते दहाव्या मजल्यावरच्या रहिवाशांचे जेवण घेऊन निघाले होते. चौथा मजला ओलांडून लिफ्टने एक हिसका दिला आणि ती थांबली. आतला दिवाही गेला.

महोदय, यापुढचे मी जपून लिहिते, कारण यातले काही मला नीट आठवते आणि काही मुळीच आठवत नाही. त्या गृहस्थांनी आधी घंटेचे बटण दाबले, मग दाबूनच धरले. (ती घंटा पहारेकऱ्यांच्या खोलीत वाजते. ती सारखी वाजून त्रास होतो म्हणून तिची तार काढून ठेवल्याचे आपल्या व्यवस्थापकांनी मला नंतर मोकळेपणाने सांगितले.) त्यांच्या फोनला रेंज नव्हती. माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. मी खाली बसले. म्हणाले, "मला साखर उतरल्यासारखं होतंय. काहीतरी गोड द्या, नाहीतर मी शुद्धीत राहणार नाही."

त्यांनी पिशवीला लगेच हात घातला नाही, हेही मी लिहिते, म्हणजे कोणी त्यांचे उगाच कौतुक केले असे आपणांस वाटू नये. फोनच्या उजेडात ते पिशवीकडे बघत उभे राहिले. "मावशी, हे दुसऱ्याचं आहे हो. सील तुटलं की माझं काम गेलं." दोन्ही मुठींनी त्यांनी दारावर ठोकले, हाका मारल्या. कोणी आले नाही. माझ्या जिभेला शब्द सापडेनासे झाले होते. मी त्यांना दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारली म्हणे. त्यानंतर चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला, तेवढा मात्र मला स्वच्छ आठवतो. त्यांनी माझी मान हातावर घेतली आणि फळांच्या रसाची बाटली ओठाला लावली. "गिळा मावशी. थोडंच. गिळा बघू." निम्मा रस माझ्या पदरावर सांडला, निम्मा पोटात गेला. जरा भान आल्यावर त्यांनी मला भात भरविला. चमचा पाकिटाच्या तळाशी होता, तो शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून हातानेच भरविला. स्वतः एक शीतही तोंडात टाकले नाही.

पाचव्या मजल्यावर जिना झाडणाऱ्या बाईंनी ठोकण्याचा आवाज ऐकला आणि धावत जाऊन किल्ली आणली, म्हणून दार उघडले. मला खुर्चीत बसवून दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर घरी चालत गेला नसता." मी दवाखान्यात असताना इकडे त्या गृहस्थांना पिशवी उघडायला लावण्यात आले, फाटलेल्या पाकिटाचा फोटो काढण्यात आला आणि त्यांना फाटकाबाहेर काढण्यात आले. त्यांनी सांगून पाहिले. "सगळे असंच सांगतात," असे उत्तर त्यांना मिळाले. मला विचारायला मात्र कोणी आले नाही. मी परतल्यावर लिफ्टची वाट पाहताना फलकावर चोरीची सूचना वाचली.

सूचनेत ज्यांना 'बॉय' म्हटले आहे ते चाळिशी ओलांडलेले, दोन मुलींचे वडील आहेत. आपल्या सूचनेमुळे त्यांच्या कंपनीने त्यांचे काम थांबविले आहे. आपल्या कार्यालयाचे पत्र येईपर्यंत ते सुरू होणार नाही, असे त्यांना कळविण्यात आले आहे. त्यांचा फोन क्रमांक मी खानावळीतून मिळविला, दहाव्या मजल्याचे जेवणही तेथूनच निघाले होते. सुई घेऊन मी खाली का आले होते, ते मी त्यांना सांगितले. ते रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी विचारले, "मावशी, आता बरं आहे ना? सुई जेवण हातात आल्यावरच घेत जा."

मग मी एक मजला चढून दहाव्या मजल्यावर गेले. जेवण न पोचल्याची तक्रार करणारे रहिवासी तरुण आहेत, घरूनच काम करतात. सगळे ऐकून ते ओशाळले. "काकू, मला फक्त एवढंच दिसलं की जेवण आलं नाही. मी ॲपवर तक्रारीचं बटण दाबलं आणि मीटिंगला बसलो." ते त्याच पावली तक्रार मागे घ्यायला आपल्या कार्यालयात आले. त्यांना सांगण्यात आले की एकदा नोंदलेली तक्रार मागे घेण्याची सोय नाही. तक्रार वाढविण्याची आहे.

त्याच संध्याकाळी मला समजपत्र आले. त्यात लिहिले आहे की मी सामानाच्या लिफ्टने प्रवास केला, तसेच लिफ्टमध्ये 'भात व पेय यांचे सेवन करून' स्वच्छतेचा नियम मोडला. पुन्हा असे घडल्यास कारवाई होईल.

महोदय, माझे सारे आयुष्य साहेबांच्या सहीआधी कागद तपासण्यात गेले. आपल्या दोन्ही कागदांवर आपलीच सही आहे. पहिला म्हणतो, जेवण त्या गृहस्थांनी लाटले. दुसरा म्हणतो, ते मी खाल्ले. भात एकच होता. दोन्ही कागद एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. दुसरा खरा आहे, हे मी येथे लिहून देत आहे. म्हणून पहिला फाडावा. 'चोरी' हा शब्द फलकावर ठेवणे समितीला आवश्यकच वाटत असेल, तर त्यापुढे माझा सदनिका क्रमांक घालावा. मला त्याची लाज वाटणार नाही. माझे कोणी काम थांबवू शकत नाही. त्यांचे थांबले आहे, आणि प्रत्येक दिवस त्यांच्या घराला जड जात आहे.

त्यांच्या कंपनीला पत्र आजच जावे. घंटेची तार आजच जोडावी, कारण पुढच्या वेळी आत कोण असेल ते आपणांस ठाऊक नाही. आपल्याही घरी आई आहेत. आणि ज्यांचा फोन माझ्यासारखा आहे, जे आजारी आहेत, ज्यांच्या कडेवर तान्हे मूल आहे, त्यांचे जेवण टेबलावर न ठेवता दारात येऊ द्यावे. एवढ्या लोकांनी एवढ्या मजल्यांवर राहायचे ठरविल्यावर त्यांच्यापर्यंत घास पोचविणे ही सुद्धा व्यवस्थाच आहे.

शेवटी एक माहिती, विनंती नव्हे. उद्या दुपारी ते गृहस्थ, त्यांची पत्नी व दोन्ही मुली माझ्याकडे जेवायला येत आहेत. आपल्या नियमांत पाहुण्यांना मज्जाव नाही, हे मी दोनदा वाचून खात्री करून घेतले आहे. पाहुण्यांच्या नोंदवहीत 'नाते' या रकान्यासमोर मी 'घरचे' असे लिहिले आहे. दहाव्या मजल्यावरचे रहिवासी त्यांना घ्यायला स्वतः फाटकाशी उभे राहतील. ते पुढच्या लिफ्टने वर येतील. पहारेकऱ्यांना आजच तसे सांगून ठेवावे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
सदनिका क्र. ९०४
दिनांक: बुधवार, सकाळी

सोबत: डॉक्टरांची चिठ्ठी, संदर्भ १ व २ च्या प्रती, एकमेकींना टाचून, दहाव्या मजल्यावरील रहिवाशांचे स्वहस्ताक्षरातील निवेदन.