बिनआवाजाचं इंजिन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आलं एकदाचं! जुनंच डिझेल इंजिन, पण पोटातलं अर्धं सामान काढून तिथे आमच्या बॅटऱ्या बसवल्यात. चार्ज असेपर्यंत बॅटरीवर चालणार, उतरला की डिझेल आपोआप सुरू. सगळे पेढे खात होते. मी मात्र पाहिलं — रुळात झोपलेलं कुत्रं इंजिन अगदी नाकाशी येईपर्यंत उठलं नाही. आवाजच नाही! आणि या साइडिंगवर, मालगाड्यांच्या या बाजूच्या रुळांवर, डबे जोडायला-सोडायला कोण? आमचे आबा. अर्धा वेळ इंजिनाकडे पाठ करून.

४ नोव्हेंबर

साहेबांकडे हट्ट धरला — बॅटरीवर चालताना सतत वाजणारा बझर हवाच. "मॅडम, हॉर्न आहे की!" आहे. ड्रायव्हरला आठवला तर! भांडलेच. शेवटी म्हणाले, लावा, पण तिथल्या माणसाला तो ऐकू येतो असं चाचणी घेऊन सहीनिशी लिहून द्या. पंधरा तारखेला मोठे साहेब येतायत.

चाचणीला कोण? सगळे एका सुरात — दत्ताराम! म्हणजे आबाच. अठ्ठावीस वर्षं झाली, इंजिन वळणापलीकडे असतानाच आबा सांगतात, "आलं रे!" ऐकून मलाही बरं वाटलं. लेकीचं काम, बापाचे कान.

७ नोव्हेंबर

आबा पाठमोरे उभे. मागून इंजिन. बझर ऐकू आला की हात वर करायचा. चार खेपा, चारही वेळा हात वर! मी लांब, साइडिंगच्या टोकाच्या बंद काचांच्या केबिनमध्ये टाळ्या पिटल्या.

नंतर इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी बघते तर काय — चार्ज उतरलेला, चारही वेळा डिझेल चालू! मग बझर कसला, डिझेलच ऐकलं असणार. मीच मठ्ठ. सगळी चाचणी रद्द.

९ नोव्हेंबर, रविवार

घरी, पोलादपूरला. उद्या परत चाचणी म्हटल्यावर आबांचा चेहराच उतरला. "परत कशाला गो? झाली ना एकदा?" म्हटलं, तुमच्याच जिवासाठी. "नोकरीची दोन वर्सं रायली माझी. मला काय होत नाय." आणि उठून गोठ्याकडे गेले. एवढा राग कसला?

१० नोव्हेंबर

फुल चार्ज. डिझेल बंद. पहिली खेप — हात नाही. दहा पावलांवर ड्रायव्हरनं इंजिन थांबवलं. बझरचा आवाज वाढवला. दुसरी — नाही! मग अगदी टोकापर्यंत वाढवला. साहेब म्हणाले, जवळ कुणी तरी असू दे, म्हणून आबांचा जोडीदार सोमाकाका त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. तिसरी खेप — हात वर! चौथी, पाचवी — वर! आम्ही त्याच लांबच्या केबिनमध्ये काचा लावून बसलेलो, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, पण हात दिसत होता.

उतरले तर आबा हसतायत. "आता बराबर हाय. आदी आवाज बारीक होता गो." साहेब खूश. कागदावर आबांची सही, खाली माझी.

११ नोव्हेंबर

काम फत्ते, तरी चैन नाही. उगाच दोनदा इंजिनापर्यंत जाऊन आले.

१२ नोव्हेंबर

बझरचा फ्यूज उडालाय. नोंदी उघडल्या — उडाला तो परवाच, दुसऱ्या खेपेनंतर आवाज वाढवताना. म्हणजे पुढच्या तीन खेपांना बझर वाजलाच नाही. हात मात्र वर झाला. सोमाकाकानंच समोरून खुणावलं असणार.

आबांना ऐकू येत नाही. डिझेलची थरथर त्यांच्या पायांना कळायची, बॅटरीची कळत नाही. बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे — मला वाटायचं, कौतुक!

सांगितलं तर दोन वर्षं आधीच घरी बसवतील. नाही सांगितलं तर —

कागद फाडला. आबांना फोन लावला. नेहमीसारखा आईनंच उचलला.