स्टूल मागणारी पिढी आणि मी

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी नियमित. माझ्यासारख्याने रिटायर झाल्यावर विचार वाया घालवू नयेत.

मुलगी कपड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. तिथे मुलींना ड्यूटीभर उभं राहावं लागतं, गिऱ्हाईक नसलं तरी. मॅनेजरच्या मते बसलेली मुलगी आळशी दिसते. म्हणून मुलींनी चळवळ काढली आहे. मागणी काय? बसायला स्टूल!

हसावं की रडावं कळेना. कॉलेजात आम्ही फीवाढीविरुद्ध संप केला, तेव्हा मागणीपत्रातलं पहिलं कलम होतं समाजरचना मुळापासून बदलणे. फी कुठेतरी खाली होती. मुलीला हे सुनावलं. ती म्हणाली, मग बदलली का रे बाबा? आम्ही वडिलांसमोर खुर्चीला टेकत नव्हतो. ही मला अरे-तुरे करते.

५ जून, संध्याकाळ
मीटिंग आमच्याच हॉलमध्ये. पुढारी म्हणजे कुरळ्या केसांची एक मुलगी, बॅगेवर स्टिकर चिकटवलेली. मी तिला मनात कुरळी म्हणतो. कोल्ड कॉफी संपली, मीटिंग संपली. अध्यक्ष नाही, ठराव नाही, अनुमोदन नाही. आमच्या संघटनेत पहिल्याच महिन्यात तीन गट पडले होते. यांच्यात साधं भांडणसुद्धा नाही. विचार पक्का होणार कसा?

यांची पद्धत ऐका. रोज चार वाजता सगळ्यांनी शोरूमच्या फरशीवर बसायचं. गिऱ्हाईक आलं की उठायचं, हसून कपडे दाखवायचे, परत बसायचं. मी विचारलं, घोषणा? नाहीत. पोलीस? नाहीत. मग ही चळवळ आहे की योगासनांचा क्लास?

मार्गदर्शन करू का, असंही विचारलं. कुरळी म्हणाली, काका, नंतर नक्की. नक्की म्हणाली आहे.

बायको मात्र त्यांच्यात मांडी ठोकून बसली होती आणि पोरी तिला प्रश्न विचारत होत्या. कॉलेजच्या त्या संपात ती लॉकअपमध्ये होती, म्हणून. मी वैचारिक बाजू सांभाळत होतो. ऐन मोर्च्याच्या सकाळी मला ताप भरला. चांगलाच होता. पण पोलिसांनी धरलं तरच तो कार्यकर्ता, तापाने धरलं तर कोणी विचारत नाही. त्या बोलत असताना मी किचनमध्ये ग्लास विसळले.

८ जून
निश्चय: शोरूमच्या दारात पुढच्या शनिवारी मुलींचे सपोर्टर जमणार आहेत. तिथे मी भाषण करणार. विषय, ‘कालचा तरुण आणि आजचा’. रोज पहाटे उठून लिहायचं. मिठाच्या गुळण्या. चहा बंद.

खरं सांगायचं तर मुलीने एकदा तरी मला माईकसमोर पाहावं असं फार वाटतं. तिने जन्मभर मला डबा घेऊन ऑफिसला जातानाच पाहिलंय.

९ जून
उठलो नाही. विचार झोपेतही चालू असतात. चहा घेतला, घसा कोरडा होता.

११ जून
मुलगी म्हणाली, बाबा, शनिवारी भाषणंच नाहीत. लोक येणार, पोरींबरोबर फरशीवर बसणार, फोटो टाकणार. डोकंच फिरलं. फोटो टाकून कुठे क्रांती होते का? या पोरांना लाईक मिळाला की वाटतं सरकार पडलं.

निर्णय: उद्या मी स्वतः मॅनेजरशी बोलणी करणार. भाषण खिशात ठेवून.

१२ जून
मॅनेजर माणूस चांगला निघाला. मी आत शिरताच त्याने केबिनमधून स्वतःची गादीची खुर्ची बाहेर आणवली. एसीखाली बसवलं. कॉफी मागवली. तुमच्या काळातली चळवळ कशी होती हो, असं विचारलं. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

मग काय, मोकळा सुटलो. म्हणालो, आजच्या पोरांत दम नाही. आम्ही उन्हात दिवसदिवस उभे राहायचो, कोणाच्या तोंडून स्टूल हा शब्द निघाला नाही. त्याने विचारलं, हे मोबाईलवर रेकॉर्ड करू? तरुणांना प्रेरणा मिळेल. दुसऱ्या टेकला आवाज चांगला लागला.

स्टुलांचा मुद्दा वेळेअभावी राहिला. मुलगी समोरच्या काउंटरवर उभी होती, शर्टाच्या घड्या घालत. मी हात केला. तिने पाहिलं नसावं.

१३ जून
शोरूमने व्हिडिओ टाकला. वर लिहिलंय, ‘जुन्या चळवळीतले ज्येष्ठ म्हणतात, तरुणांनी उभंच राहावं’. सकाळी वॉचमनला दाखवला. दुपारी बायकोने पाहिला आणि मोबाईल पालथा ठेवला. मुलगी खोलीत जेवली. मी दार वाजवलं. म्हणाली, बाबा, आत्ता नको. मॅनेजर आज प्रत्येकीला म्हणाला, हिचा बाप काय म्हणतो ते ऐका.

माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला. फार वाईट वाटतंय. जेवण गेलं नाही. थोडंच गेलं.

१५ जून, शनिवार
विचित्र घडलंय. कोणीतरी नेमकं हेरलं की व्हिडिओतले काका उभं राहण्याचं कौतुक करताना खुर्चीतून पाठ उचलत नाहीत, आणि मागे पोरी ताटकळत उभ्या आहेत. झालं! लोक सोफ्यावर लोळून, पलंगावर पसरून व्हिडिओ टाकतायत: आम्ही दिवसदिवस उभे राहायचो. मला खुर्चीकाका नाव पडलंय. शोरूमच्या दारात आज पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. सगळे बसलेले.

थोरामोठ्यांची टिंगल, एवढंच येतं या पिढीला. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

१८ जून
शोरूमचा मालक नमला. प्रत्येक काउंटरमागे स्टूल आलं. माझी बोलणी फळाला आली, हे कोणी कबूल करणार नाही. पण कुरळीने स्वतः फोन केला: काका, रविवारच्या विजयसभेला तुम्ही स्टेजवर हवेच. मुलगीही म्हणाली, चल बाबा. पाच दिवसांनी बोलली. भाषण नव्याने लिहायला घेतलंय. शर्टाला कडक इस्त्री.

२३ जून, रविवार
स्टेज म्हणजे फुटपाथवरचं लाकडी फळकूट. मधोमध एक खुर्ची. मी चष्मा चढवला, कागद काढले, माईककडे निघालो. कुरळी धावत आली. म्हणाली, काका, बोलू नका, फक्त बसा.

बसलो. एवढ्या टाळ्या आयुष्यात ऐकल्या नाहीत. सेल्फीला रांग लागली. कागद मांडीवरच राहिले.

मग त्यांनी माईक बायकोला दिला. ती थोडंच बोलली. मुलगी डोळे पुसत तिच्याकडे बघत होती. मी मुलीकडे.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, माझं भाषण राहूनच गेलं. ती चपला काढत म्हणाली, राहू द्या. या वेळी हजर तरी होतात.